रस्ता ओलांडलेली पायपेटी

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. पायांनी भाता हलवायचा आणि हातांनी सूर काढायचे, म्हणून हे नाव. चर्चच्या मोडक्या बाकांच्या लाकडातून एका सुताराने मला घडवलं. त्यामुळे प्रार्थनेला बसायची सवय मला जन्माचीच म्हणा ना.

मला एक शिक्षिकाबाई वाजवायच्या आणि उपदेश करायचा त्यांचा थोरला भाऊ. तो धंद्याने शिंपी. दोन वाक्यं बोलायचा आणि तिसरं गायचा. ते ऐकताना आमच्या चर्चच्या मंडळीचे थोरले पंचसुद्धा डोळे पुसायचे. ते धंद्याने घड्याळजी आणि मोठे कडक गृहस्थ. काय सुखाचे दिवस होते ते!

मग बाप्तिस्म्यावरून वाद पेटला. तान्ह्या बाळाच्या कपाळी ओंजळभर पाणी पुरे, असं निम्मे म्हणाले. जाणत्या वयात स्वतः श्रद्धेची कबुली देऊन हौदात पुरतं बुडालं पाहिजे, असं बाकीचे. बायबलची वचनं दोन्हीकडे पाठ होती. शेवटी शिंपीदादा निम्मी मंडळी घेऊन रस्त्यापलीकडच्या हॉलमध्ये गेला. बाई इथेच राहिल्या. पेटी बाहेर द्यायची नाही, असा पंचांनी ठराव केला आणि घड्याळजींनी मला कुलूप घातलं. ते फक्त रविवारी तासभर उघडायचं.

अकरा वर्षं गेली. माझ्या भात्याला कसर लागली, दोन सूर मुके झाले. बहीणभाऊ बाजारात भेटले की पावसापाण्याचं बोलायचे, बस्स.

आणि एके दिवशी कळलं, दादाच्या घशात गाठ आहे. शस्त्रक्रियेनंतर आवाज राहीलच असं नाही. येत्या रविवारी तो शेवटचा गाणार होता. बाईंनी माझ्याजवळच घड्याळजींना गाठलं.

"एक दिवस पेटी द्या, भाऊ."

"ठराव आहे, बाई. आणि त्यांची शिकवण चुकीची आहे."

"असेल. मलाही पटत नाही. पण तो सुरातून सुटला तर सावरणार कोण? तिकडे सगळे आपापल्या सुरात गातात."

घड्याळजी बराच वेळ किल्ली पुसत राहिले. मग "मी काही येणार नाही," म्हणत त्यांनी ती बाईंच्या हातात ठेवली.

चौघांनी मला पलीकडे नेलं. आमची माणसंही मागोमाग आली. प्रार्थना सुरू झाली तेव्हा आमचे गुडघ्यांवर आणि ते उभे. एकमेकांकडे पाहून आमचे उठले, तेवढ्यात ते टेकले! सगळा हॉल हसला.

दादा हरवलेल्या मेंढराचा उपदेश गायला. मेंढपाळ त्याला खांद्यावर उचलतो, तिथे त्याचा आवाज बसला. बाईंनी सूर उतरवला, आणखी उतरवला. तरी शब्द फुटेना. तेव्हा दोन्ही मंडळ्यांनी ती ओळ उचलली. दाराकडून एक बेसूर आवाज मिसळला. घड्याळजी होते. आत आले नाहीत, पण कडवं पुरं केलं.

वाद काही मिटला नाही. ओंजळ आहे, हौदही आहे. दादाचा आवाज मात्र गेला. मी परत आमच्या चर्चमध्ये आले, आणि आता तो दुपारी इकडे येतो आणि माझ्या फाटक्या भात्याला ठिगळं शिवतो. बाई त्याच्याशी बोलत बसतात, तो मान हलवतो.

मित्रांनो, देवाच्या गोष्टींवर खुशाल वाद घाला. पण एकत्र गायचं तेवढं बंद करू नका. पेटी बंद राहिली की आधी तिचा श्वास जातो. आणि पलीकडे तुमचं कुणी गात असेल, तर त्याचा आवाज आहे तोवर जा.