बारा मशिनी आणि एक हातोडा

नव्या येणार म्हणून बारा जुन्या शिलाई मशिनी मोडायच्या होत्या आणि हातोडा माझ्याच हातात दिला होता. कपड्यांच्या या कारखान्यात मी सव्वीस वर्षं मिस्त्री आहे. ज्यांना तेलपाणी करून वाढवलं, त्यांचीच डोकी फोडायची म्हणे! सकाळपासूनच माझं टाळकं फिरलेलं.

त्यात मी एक शहाणपणा करून बसलो होतो. माझी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडे राहते. घरी कपडे शिवावेत, कुणावर भार होऊ नये, एवढीच तिची इच्छा. सात नंबरची मशीन तुलाच आणतो, असा शब्द मी देऊन टाकला होता. तिने लगेच खिडकीजवळचा पलंग सरकवून जागाही केली. बाजारात तुरी म्हणतात त्या याच.

मी तडक मोठ्या साहेबांकडे गेलो. "साहेब, चालत्या मशिनी मोडायच्या? विका की! नाहीतर निदान सुट्या करून लोखंड, तांबं वितळवायला तरी पाठवा."

साहेब शांत माणूस. मला त्याचाच जास्त राग येतो.

"मिस्त्री, सुट्या करायला चार माणसं आठवडाभर बसवावी लागतील. वरचे लोक देत नाहीत. विकायला पाच सह्या लागतात, मोडायला एक."

"सह्यांचा कंटाळा म्हणून?"

"नुसतं तेवढंच नाही." त्यांनी कपाटातून फाइल काढली. "सहा वर्षांपूर्वी एक विकली होती. तिकडे शिवताना एका बाईच्या बोटातून सुई आरपार गेली. मशीनवर आपल्या कंपनीच्या नावाची पट्टी, म्हणून नोटीस आपल्याला. तेव्हापासून इथून काही धड बाहेर जात नाही."

फाइलीत मशीनचा फोटो होता. तिच्या मानेवर निळा ठिपका होता. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनला तो लावतो. आणि सुईपुढचा गार्ड जागेवर नव्हता.

गार्ड म्हणजे बोट सुईखाली जाऊ नये म्हणून लावलेली वाकडी तार. दोरा ओवताना ती मध्ये येते, शिवणाऱ्या बायका कुरकुरतात, म्हणून नवी मशीन आली की पहिल्याच दिवशी मी गार्ड काढून ठेवतो. सगळेच मिस्त्री काढतात. माझ्या कपाटातला बिस्किटांचा डबा असल्या गार्डांनीच भरलाय. कंपनीला शिव्या घालत आलो होतो आणि निघालं काय, तर आपलेच दात, आपलेच ओठ.

"गार्ड बसवून एक मशीन मला दिली तर?" मी हळूच विचारलं.

"आता नियम झाला, मिस्त्री. नियमाला गार्ड दिसत नाही."

ठिपका कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खाली येऊन मशिनी मोडल्या. सात नंबर शेवटी घेतली. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी मेहुणीला सगळं सांगितलं, ठिपक्यासकट. ती पलंग परत सरकवायला लागली, तेव्हा मी दुसरं टोक धरलं.

मग ती म्हणाली, "भावजी, त्या बाईचं पुढे काय झालं? शिवते का अजून?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. सव्वीस वर्षांत इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सकाळी नव्या मशिनी खोक्यांतून निघाल्या. "गार्ड काढा लवकर, काम अडलंय," मुकादम ओरडला. मी म्हटलं, "एकही निघणार नाही. ओरड हवं तेवढं."

आणि बिस्किटांचा डबा काखेत मारून वर गेलो. साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, फोटोतला निळा ठिपका माझा आहे. नोटिशीवर त्या बाईचा पत्ता असेल, तेवढा द्या."