संडासाच्या टाकीचे चार दिवे

चारही दिवे पेटलेले. नोएलीनने बटण सोडलं, पुन्हा दाबलं. मोटारहोमच्या, त्यांच्या चालत्या घराच्या, भिंतीवरची ती चिमुकली पट्टी हट्टाने सांगत होती की संडासाची टाकी काठोकाठ भरली आहे. आणि तिचा नवरा मॉरी तर अर्ध्या तासापूर्वीच गावाबाहेरच्या सांडपाण्याच्या मोरीवर ती ओतून, हातमोजे धुऊन, शीळ घालत गाडी खाडीकाठच्या तळावर परत घेऊन आला होता.

"मॉरी, टाकी ओतलीस ना?"

"ओतली की."

"नक्की?"

"अगं, आता संडासाची शपथ घेऊ का?"

एरवी ती हसली असती. पण गेल्या आठवड्यात त्याने किटली फ्रिजमध्ये ठेवली होती, आणि परवा जेवताना, नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या भावाला फोन करायचा राहिला म्हणून हळहळला होता. सेडूना हे गाव सोडलं की पुढे नलरबॉरचं माळरान, मैलोन् मैल चिटपाखरू नाही. तिने मनाशी ठरवलंच होतं, आणखी एक गोष्ट विसरला की गाडी लेकीच्या घराकडे वळवायची. मॉरीला देवमासे बघायचे होते. हिवाळ्यात त्या माळरानाच्या कडेला, समुद्राच्या कड्याखाली माद्या पिल्लं घेऊन येतात, निवृत्त झालो की जाणार, असं तो चाळीस वर्षं बस हाकताना उतारूंना ऐकवत आला होता. आता जेमतेम तीनशे किलोमीटर उरले होते.

"आपण परत जाऊ या," ती म्हणाली.

मॉरीने टोपी काढली, तिच्या आत बघितलं, पुन्हा घातली. "तू म्हणशील तसं." भांडला असता तर बरं झालं असतं.

दुपार खाडीवर तरंगत राहिली. पाणी आणि आभाळ एकाच फिकट रंगाचं झालं होतं आणि पेलिकन नेमके कशात पोहताहेत ते कळत नव्हतं. नोएलीन खुर्ची टाकून बघत बसली. तिला वाटलं, मॉरीच्या डोक्यातही असंच होत असेल, कडा पुसल्या जात असतील.

शेजारच्या कॅरव्हॅनमधली बेव्ह आपली खुर्ची आणि चीजची बशी घेऊन आली. जन्मभर तिने मेंढ्या कातरणाऱ्यांच्या तळावर रांधलं होतं, त्यामुळे आवाज खणखणीत.

"तोंड का गं असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

नोएलीनने हळूच सगळं सांगितलं.

"दिव्यांना काय विचारत बसलीस, बये? आत डोकावलीस का?"

झडप उघडून टॉर्च मारायचा, एवढंच तर काम. सत्तेचाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यापेक्षा नोएलीनने एका दिव्यावर विश्वास ठेवला होता. ती उठली, वाकली, बघितलं. टाकी पार रिकामी होती. तिला इतकी लाज वाटली की कान तापले.

बेव्ह तोवर गाडीखाली शिरली होती. नोएलीनला बटण दाबून धरायला लावून तिने वरची तार सुटी केली तसा वरचा दिवा विझला, मग ती परत जोडली. "तारा ठीक आहेत. टाकीच्या भिंतीत खिळे असतात, त्यांना पाणी लागलं की दिवा लागतो. ओला कागद चिकटून बसला की त्यांना तेही पाणीच वाटतं. दोन पिशव्या बर्फ ओत, भांड्याचा साबण, बादलीभर पाणी, आणि खडबडीत रस्त्यावर फिरवून आण. घासून निघेल."

"पार्टीची तयारी दिसतेय," बर्फ ओतताना मॉरी म्हणाला.

नोएलीन गाडी चालवायला बसली. मातीच्या रस्त्यावर चाकं थरथरली आणि पायाखालून बर्फाची किणकिण सुरू झाली. दोन्हीकडे गव्हाची कोवळी शेतं हळूहळू मागे सरकत होती. मॉरीने डोळे मिटले.

"आईचा लिंबू सरबताचा जग," तो म्हणाला. "क्रिकेटच्या मैदानावर न्यायची. निळ्या काठाचा होता."

ती वेग वाढवेना. आवाज बारीक होत गेला, मग नुसतं पाणी डुचमळत राहिलं. रस्ता कधी संपूच नये असं तिला वाटत होतं.

मोरीवर टाकी ओतून तिने बटण दाबलं. फक्त खालचा हिरवा दिवा लागला. रिकामी.

"चुकले रे मी," ती म्हणाली. "तू ओतली होतीस आणि मी..."

मॉरी हातमोजे काढत होता. एकेक बोट सोडवायला त्याला बराच वेळ लागला.

"नोएलीन, मला आठवत नव्हतं," तो म्हणाला. "ओतली की नाही ते. हातमोजे ओले होते, म्हणून ओतली म्हटलं. तू बरोबर होतीस. चल, परत जाऊ."

हिरवा दिवा अजून पेटलेलाच होता. बटणावरचं बोट काढायचं राहून गेलं होतं. तिने ते काढलं, गाडी सुरू केली आणि हमरस्त्यावर आणली. उजवीकडे घर होतं.

तिने डावीकडे वळवली.

"अगं, घर इकडे!"

"माहीत आहे."

"मी देवमासेही विसरेन."

"म्हणून तर आजच जायचं," ती म्हणाली. "पट्टा लाव."