पांढऱ्या फडक्याचा नियम

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रेडिएटरचं खालचं बूच निघालं आणि घमेल्यात तांबूस पाणी धो धो पडलं.

धाकटीची ड्रायव्हिंगची परीक्षा अकराला होती, याच गाडीवर. आधी दोनदा ऐन चढावर इंजिन तापलं, वाफ निघाली आणि परीक्षकाने कागद मिटला. आज पास झाली तर उद्यापासून दवाखान्याची गाडी चालवायची नोकरी तिची, नाहीतर दुसऱ्या कुणाची.

"गंज आहे नुसता," ती म्हणाली. "दोनदा धुतलं की झालं."

घोळ इथेच झाला. तीस वर्षं कापड रंगवणाऱ्या बाबांना 'झालं' हा शब्द सोसत नसे. त्यांनी कारखान्यातला नियम अंगणात आणला: सोडलेल्या पाण्यात पांढरं फडकं बुडवायचं; डाग उठला की पुन्हा पहिल्यापासून.

पाणी भरा, हीटर लावून इंजिन चालवा, निवू द्या, सोडा. दुसऱ्या खेपेला फडकं विटकरी निघालं. तिसऱ्या खेपेला एका कोपऱ्यात विटकरी. चौथ्यालाही तेच.

"बाबा, गाडी ते पाणी पिणार आहे, अंगावर घालणार नाहीये!"

"डाग तो डाग."

"तुम्ही मला रंगवून दिलेला पहिला रुमाल," आई पायरीवरून म्हणाली, "घामाने गळ्यावर उतरला. आठवडाभर निळी फिरत होते. तेव्हा कुठे होता हा नियम?"

"त्याच आठवड्यात केला."

धाकटीला असं हसू फुटलं की हातातली नळी सुटली आणि बाबा नखशिखांत भिजले. पाचव्या खेपेचं फडकं पिळताना त्यांच्या हातून आणखी विटकरी पाणी ओघळलं. आईने त्यांचा अंगठा धरून उजेडात नेला. काल कारखान्यात रंगवलेल्या ताग्यांचा विटकरी रंग नखापासून मनगटापर्यंत तसाच होता.

"अहो, गाडी केव्हाच धुऊन झाली. तुम्ही राहिलात!"

बाबा आधी ओशाळले, मग खो खो हसत घमेल्याशेजारीच बसले. दहा वाजून पाच झाले होते.

मग एकच धांदल. कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन लावलं. आतली हवा बुडबुड्यांनी निघेपर्यंत थांबायला हवं होतं; ती अडकून राहिली तर इंजिन पुन्हा तापणार.

"थांबले का गं बुडबुडे?"

"थांबल्यासारखे वाटतायत!"

"वाटतायत की थांबले?"

"बाबा, बसा!"

दहा पस्तीसला झाकण लागलं. अकरा वाजून चार मिनिटांनी परीक्षक शेजारी बसला. नऊ मिनिटांनी चढ लागला.

"इथे थांबवा," तो म्हणाला, "आणि पुन्हा उचला."

तिने ब्रेक दाबला. तापमानाचा काटा मध्यापासून केसभर वर होता आणि तिथेच थांबला होता.