बावीसचं माप

“परत मोजा, भावोजी. पट्टी तिरकी झाली असेल.”

नमुने घ्यायच्या खिडकीत डोकं घालून मास्तर उभा होता. मास्तर म्हणजे लॅबवाल्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, शिंपी. बारा वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या ठरल्या वेळी गिळणारा, आणि गिळताना घड्याळाला डोळा मारणारा.

लॅबवाल्याने चौथ्यांदा पट्टी लावली. प्लेटमध्ये मास्तरच्या दंडावरच्या गळवातले जंतू सायीसारखे पसरले होते. त्यांवर औषधांच्या सहा टिकल्या. औषध लागू पडणार असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो. पाच टिकल्यांना जंतू अगदी खेटून बसले होते. खुद्द लॅबवालाही सासुरवाडीत इतका ऐसपैस बसत नसे. सहावीभोवती गोल होता. एकोणीस मिलिमीटर. लागतात बावीस. इंजेक्शनं मागच्याच महिन्यात मास्तरच्या मूत्रपिंडांना सोसली नव्हती. उरली होती ती ही सहावी.

“पण माझ्या पेशी सहाशेवर गेल्यात ना? डॉक्टरच म्हणाले, फौज वाढली.”

“वाढली रे. पण या जंतूसमोर हलत नाही. हजेरी लावते नि बसून राहते.”

“म्हणजे तुमच्या ऑफिससारखी.”

लॅबवाला हसला. सहकाऱ्यांच्या डब्यांची झाकणं बदलणारा, साहेबांच्या खुर्चीचे स्क्रू ढिले करणारा हा गडी. आज त्याला तीन मिलिमीटरची लबाडी जमत नव्हती.

“तीनच कमी आहेत,” मास्तर म्हणाला. “मी गिऱ्हाइकाला दोन बोटं सैल सोडतोच की.”

“बावीस लिहिले तर तू त्या सहाव्या औषधाच्या गोळ्या खात बसशील, आणि हे आत पसरत राहील.”

“मग एकोणीस लिहिल्यावर काय खाऊ?”

लॅबवाल्याने एकोणीस लिहिलं. पुढे लिहिलं, लागू नाही.

मास्तरने गळ्यातली टेप काढून सुजलेल्या दंडाभोवती घातली. एका हाताने जमेना.

“जरा टोक धरा. आकडा मागे येतो, दिसत नाही. काल पावणेबारा इंच होते.”

लॅबवाल्याने खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले, टेप नीट बसवली. साडेबारा.

“पावणेबाराच,” तो म्हणाला. “कालच्याइतकंच.”

मास्तरने सवयीने आकड्यावर अंगठा दाबून टेप सोडवली. अंगठा उचलून बघितलं मात्र नाही. तशीच गुंडाळली आणि खिशात घातली.