तुंगार्लीच्या रस्त्याखालची मोरी

मी एक जुनी दगडी मोरी आहे. तुंगार्लीहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पोटात माझा जन्म झाला. पाथरवटांनी काळे दगड घडवून मला कमानीचा आकार दिला, तो पावसाळ्यातले पाणी रस्त्याखालून उतरावे म्हणून. पाणी ओसरले की मी कोरडी पडत असे. मग माझ्यातून दुसरीच वर्दळ सुरू होई. साळिंदर काटे खुळखुळवत जाई, उदमांजर जाई, भेकरे ही लहानखुरी हरणे जात. वरच्या रानातून खालच्या ओढ्यावर जायला त्यांची वाट माझ्यातूनच होती. माणसांना मात्र याचा पत्ता नव्हता.

मग एके दिवशी तेजल आली. लोणावळ्याची ही मुलगी गावाभोवती कोणते वन्य प्राणी उरले आहेत, याची पाहणी करत होती. तिने माझ्या तोंडाशी एक छोटा कॅमेरा बांधला. काही दिवसांनी त्यात भेकराची मादी आणि तिचे पाडस दिसले. रस्त्याकडेला गवत कापणाऱ्या शकुबाईला तेजलने तो फोटो दाखवला. शकुबाई कितीतरी वेळ बघत राहिली. "ह्या वाटंनं मी रोज जाते," ती म्हणाली, "पर ही मायलेकरं कवा दिसली न्हाईत." त्या दिवशी दोघींनी वाकून मला आतून पाहिले. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी तसे पाहिले नव्हते.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात खालच्या बाजूला एका बंगल्याचे काम निघाले. माझ्या तोंडासमोर भिंत उठू लागली. तेजल तेथील मुकादमाला, राजेंद्रला, भेटली. तो सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, पाण्यासाठी पाइप ठेवलाय."

"आणि जनावरांसाठी?"

 मालकाला विचारतो, असे तो म्हणाला, पण भिंत पूर्ण झाली. तेजलने वनखात्याकडे अर्ज केला, तेव्हा तुमच्या पाहणीचा अहवाल आल्यावर बघू, असे उत्तर मिळाले.

एका पहाटे ती मादी पाडसाला घेऊन आली. माझ्यातून शेवटपर्यंत गेली. भिंत हुंगून थांबली. मग मागे वळली आणि वर रस्त्यावर चढली. मला फक्त गाडीचा आवाज आला आणि माझे दगड हादरले. थोड्या वेळाने पाडस एकटेच माझ्यात शिरले आणि भिंतीशी जाऊन थरथरत बसले. मला हात नाहीत, मित्रांनो. मी त्याला नुसता अंधार दिला.

उजाडल्यावर शकुबाईला रस्त्याकडेला मरून पडलेली मादी दिसली. तिने तेजलला बोलावले. माणसांची चाहूल लागताच पाडस उसळून डोंगराकडे पळाले. त्यानंतर ते कॅमेऱ्यात कधीच आले नाही.

"फोटू हुता की तुझ्यापाशी," शकुबाई म्हणाली. "मग कुनी ऐकलं का न्हाई?"

तेजल मादीजवळ बसून होती. "अहवाल अजून लिहून व्हायचा होता, मावशी," ती म्हणाली. शकुबाईने आपला पदर सोडवून मादीच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकलल्या. वनखात्याची गाडी येईपर्यंत दोघी तिथून उठल्या नाहीत.

अहवाल गेला. त्यात भिंतीत जनावरांसाठी वाट ठेवावी असे तेजलने लिहिले. भिंत अजून तशीच आहे.

मित्रांनो, घरे बांधा, रस्तेही बांधा. पण भिंत घालण्याआधी एकदा वाकून बघा, तिथून कुणाचे येणे-जाणे आहे का. माझ्यातून पाणी आजही जाते. बाकी कुणी येत नाही.