जित्या माणसाचा फोटो

रेवणसिद्धप्पाला बिदरात नावानं कुणी ओळखत नसे. तिथल्या मैलूर भागात त्याचा फोटो स्टुडिओ कुठं म्हणून विचारलं, तर लोक उलटं विचारायचे, "कोण, मढ्याचा फोटोवाला व्हय?"

आता ह्यात त्या गरिबाचा काय दोष? लिंगायतांच्या घरात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, पाठ भिंतीला टेकवतात. कपाळभर विभूती, गळ्यात हार, डोक्याला पटका. असा तो बसला की कुणाला तरी आठवतं, अरे देवा, ह्याचा तर एकबी फोटो न्हाई! मग पळा, बोलवा रेवणसिद्धप्पाला. जितेपणी ज्यानं कॅमेऱ्याचं तोंड पाहिलं नाही, तो मेल्यावर ऐटीत फोटोला बसायचा. रेवणसिद्धप्पा त्याची मान सरळ करायचा, हलक्या बोटानं पापण्या उघडायचा, अन् घरी आल्यावर काचेच्या प्लेटवर पेन्सिलीच्या टोकानं दोन्ही डोळ्यांत एकेक ठिपका द्यायचा. कागदावर छापलं की ते ठिपके पांढरे चमकायचे. घरचे रडत रडत म्हणायचे, "आगं बया, आत्ता बोलंल बघ!"

पण असल्या कॅमेऱ्यापुढं जिता माणूस कशाला बसतोय? नवरा-नवरी यायची नाहीत, बारशाला कुणी बोलवायचं नाही. त्यानं फोटो काढला की माणूस जातं, असं बाया पोरांना खुशाल सांगायच्या. अहो, खुद्द त्याची बायको दानम्मा! संसार जुना झाला, तरी कॅमेऱ्यापुढून जाताना तोंडावर पदर ओढायची.

म्हणून गड्यानं आगगाड्यांचा नाद धरला. इंजनाला कशाची आलीय भीती? भालकीकडून येणारी मालगाडी बिदरच्या डोंगराचा चढ चढायला लागली, की हा लाल दगडाच्या खिंडीत तिपाई रोवून उभा. गाडी जुनी, इंजन त्याहून जुनं. वळणावर ते इतकं धापा टाकायचं की माणसानं सोबत चालावं. असे गाड्यांचे कितीतरी फोटो त्यानं भिंतीवर लावले होते. बघायला मात्र कुणी यायचं नाही.

त्या इंजनाचा ड्रायव्हर बंडेप्पा म्हणजे दानम्माचा थोरला भाऊ. माणूस गडगड हसणारा. वळणावर आला की दाजीसाठी न चुकता शिट्टी वाजवायचा. एक दिवस तो स्टुडिओत येऊन टेकला अन् म्हणाला, "दाजी, माझी इंजन-म्हातारी आता भंगारात जायलीय, अन् तिच्यासंगं मीबी घरी बसायलोय. येत्या फेरीला दोघांचा मिळून फोटो काढा."

रेवणसिद्धप्पाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "तुमचा? जित्या माणसाचा?"

"मग काय मेल्यावर काढता? लई काढले तसले! माझा काढून भिंतीला लावा. लोक म्हणतील, बंडेप्पाचा काढला अन् त्यो तर जत्रंत भजी खायलाय! भ्याव जाईल सगळ्यांचं. फकस्त दानम्माला सांगू नका, डोकं खाईल माझं."

एवढ्याशा बोलण्यानं त्या माणसाला पंख फुटले. एक जिता माणूस, बस्स, एकच! मग गाव येईल, लेकरं येतील, मढ्याचा फोटोवाला हे नाव पुसलं जाईल. चार दिवस तो कॅमेरा पुसत होता.

ठरल्या दिवशी दानम्मा नेहमीसारखी भाकरी अन् शेंगाची चटणी बांधून टेसनात गेली. मालगाडी पाणी घ्यायला थांबली की ती भावाला फडकं द्यायची. हा इकडं खिंडीत. चढ जिथं संपतो तिथलं वळण त्यानं नेमून घेतलं, प्लेट भरली, अन् दाबला की फोटो निघतो तो रबरी फुगा मुठीत धरून वाट बघत राहिला. वर टेसनात प्यासिंजर माणसांनी गच्च भरून उभी होती. मालगाडीनं बाहेरच्या सिग्नलला थांबायचं, प्यासिंजर निघून गेली की आत यायचं, असा रोजचा शिरस्ता.

धूर दिसला. इंजन वळणावर आलं. शिट्टी मात्र वाजली नाही.

रेवणसिद्धप्पाला वाटलं, फोटोसाठी ऐट करायलाय! बंडेप्पा खिडकीत कोपर टेकून, तोंड बाहेर काढून बसला होता. नवा पटका बांधलेला. इंजन अगदी पुढ्यात आलं, अन् धुराचा लोट उलटून त्याच्या तोंडावर गेला.

उघड्या डोळ्यांत धूर शिरला, अन् पापणी लवली नाही.

जन्मभर ज्यानं मढ्यांच्या माना सरळ केल्या, त्याला काय सांगावं लागतं? ही मान, हा ओठ, हा सैल पडलेला जबडा त्याच्या बोटांच्या ओळखीचा होता. बंडेप्पा गेला होता. बसल्या जागी, वाफेच्या दांड्यावर हात तसाच ठेवून गेला होता. अन् हे सगळं कळून चुकल्यावर, हाताची सवय मेली कुठं जाते, मुठीनं फुगा दाबला.

"सिद्धराम! आरं सिद्धराम!" तो बोंबलला. फायरमन सिद्धराम पाठमोरा कोळसा ओढत होता. एवढ्या धडधडीत त्याला काय ऐकू येणार! इंजन पुढं गेलं. चढ संपला तसा त्याला जोर चढला. आता दांडा मागं घेणारं कुणी नव्हतं. पुढं सिग्नल, सिग्नलापुढं भरलेली प्यासिंजर, अन् फलाटावर भाकरीचं फडकं घेऊन दानम्मा!

त्यानं कॅमेऱ्यावरचं काळं कापड ओढलं. तिपाई धाडकन आडवी झाली, तरी वळून पाहिलं नाही. त्या कापडाला आतून लाल अस्तर होतं. तेच उलटं करून, दोन्ही हातांनी फडकवत तो शेवटच्या गार्डाच्या डब्याकडं ऊर फुटेस्तोवर पळत सुटला. "थांबवा! डायवर मेला! थांबवा!"

गार्डानं लाल पाहिलं अन् ब्रेक ओढला. डबे एकमेकांवर आदळले. हिसक्यानं सिद्धराम वळला, बंडेप्पाचा खांदा धरून हलवला, अन् त्याची जी किंकाळी उठली ती खिंडीपर्यंत ऐकू आली. दांडा त्यानं ओढला. सिग्नल ओलांडून, प्यासिंजरचा शेवटचा डबा हाताच्या अंतरावर आला तेव्हा म्हातारी थांबली.

लोक धावले, दानम्मा धावली. भावाला खाली उतरवताना पाहून तिच्या हातातलं फडकं गळून पडलं. ती रडेनाच.

बंडेप्पाला घरी मांडी घालून बसवलं. सिद्धराम सगळ्यांना सांगत होता, "आत्ता आत्ता बोलत हुते हो! म्हन्ले, वळनावर दाजी फोटो काढायलेत, पटका नीट हाय का बघ." ते दानम्मानं ऐकलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

बंडेप्पाची बायको नागव्वा पुढं आली. "दाजी, ह्यो असा बसलेला फोटो मला नगं. गावात घरोघरी तसलेच हायेत. तुमी खिंडीत काढलाव म्हनं. त्यात जिते होते का वो ते? जित्याचा असंल तर द्या."

रेवणसिद्धप्पा उठला, अन् खिंडीतून कॅमेरा स्टुडिओत घेऊन आला. आडव्या पडलेल्या कॅमेऱ्यातली प्लेट धड राहिली होती. अंधाऱ्या खोलीत त्यानं ती धुतली. इंजन आलं, धूर आला, खिडकी आली, अन् खिडकीत तो चेहरा. कुणालाही वाटावं, माणूस बाहेर बघत बसलाय. फक्त डोळे विझलेले.

मेला होता हो, आधीच मेला होता! एवढं बोलला असता तर कॅमेऱ्यावरचा आळ जन्माचा गेला असता. हे डोळे दानम्माला दाखवायचे अन् म्हणायचं, बघ, मी न्हाई नेलं. ते शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण तिकडं घरी ओसरीवर नागव्वा जित्या नवऱ्याची वाट बघत बसली होती.

त्यानं पेन्सिलीला टोक काढलं, अन् दोन्ही डोळ्यांत एकेक ठिपका दिला.

छापलेला कागद नागव्वानं छातीशी धरला अन् पहिल्यांदा मोकळेपणानं रडली. "जिते हायेत! बघा गं, जिते हायेत!"

दानम्मानं तो तिच्या हातातून घेतला, उजेडाकडं धरला. कितीतरी वेळ बघितलं.

"तुमी फोटो काढला तवा अण्णा असा बघायलता?"

"व्हय," रेवणसिद्धप्पा म्हणाला.

"मंजी धडधाकट होता."

त्यानं मान डोलावली.

"मग तुमीच नेलाव की हो त्याला," दानम्मा म्हणाली, अन् त्याच्यापुढं तिनं तोंडावर पदर ओढून घेतला.