टाकीतले डॉक्टर

मासे पाळणार आहोत, हे दातांच्या डॉक्टरांनी बायकोच्या कानावर घातलं होतं. किती मासे, केवढ्या टाकीत आणि घरात कुठे, हे तिने विचारलं नव्हतं; आणि विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा धडा डॉक्टर संसारात फार लवकर शिकले होते. बायकोने आयुष्यभर शाळेत शिकवलं होतं, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणे. त्यांनी मनात एक काचेचं गोल भांडं आणि दोन केशरी मासे एवढंच चित्र रंगवलं आणि त्या भाजी चिरायला लागल्या.

प्रत्यक्षात टाकी तळघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणार होती. उंची डॉक्टरांच्या खांद्याएवढी. असलं धूड जिन्यातून खाली उतरणं शक्यच नव्हतं, म्हणून जाडजूड काचा सुट्या आणायच्या आणि तळघरातच चिकटवायच्या असं ठरलं. प्रश्न होता तो बाईंना घराबाहेर कसं काढायचं याचा. तो देवाने आपणहून सोडवला. बाईंच्या बहिणीची तब्येत बिघडली आणि बाई म्हणाल्या, "शनिवारी तिच्याकडे जाऊन राहते. तुमचं काय?"

"मी जातो मित्राबरोबर तळ्यावर. गळ टाकून बसू."

"जा जा. हवापालट होईल," बाई इतक्या चटकन म्हणाल्या की दुसऱ्या कुणाला शंका आली असती. डॉक्टर मात्र आनंदात होते.

या कटात त्यांचा साथीदार होता बाईंचा धाकटा भाऊ. त्याचा एक छोटा ट्रक होता आणि 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडात बसत नसे. "भावोजी, काळजीच करू नका. शनिवारी ट्रक मोकळा आहे, ताई घरात नाही. काम फत्ते!"

शनिवारी सकाळी काम खरंच फत्ते होत आलं. काचवाला मोठा शिस्तीचा माणूस. त्याने एकेक काच उभी केली, सांधे भरले, बाहेरून पट्ट्या लावल्या. तळघरभर व्हिनेगरसारखा आंबट वास पसरला. जाताना त्याने बजावलं, "डॉक्टरसाहेब, उद्यापर्यंत काचेला बोटसुद्धा लावायचं नाही. टेकायचं तर मुळीच नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली. पण काचवाल्याची पाठ वळली आणि त्यांना आतल्या कोपऱ्यात, अगदी खाली, सांध्यात एक बुडबुडा दिसला. मोहरीएवढा. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केलं असतं. पण ज्याची हयात लोकांच्या दातांतल्या फटी बुजवण्यात गेली, त्याला कुणी फट दाखवू नये. त्यांनी जुन्या दवाखान्यातली एक बारीक पट्टी शोधून काढली. मेहुण्याने आपली घडीची शिडी काचेला लागू न देता घोडेस्वारासारखी उभी केली, एक पाय बाहेर, एक आत. डॉक्टर मोजे घालून इकडून चढले आणि तिकडे उतरले.

ते कोपऱ्यात वाकून बुडबुड्याशी झटत होते तेव्हा मेहुणा म्हणाला, "भावोजी, ही शिडी नेतो हं जरा. ट्रकमध्ये लागणार आहे. आलोच."

"हं," डॉक्टर म्हणाले. रोग्याच्या तोंडात हात असताना ते सगळ्यांनाच 'हं' म्हणत.

बुडबुडा गेला. डॉक्टर ऐटीत उभे राहिले, कंबर चोळली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण चहूबाजूंनी काचेत आहोत. उडी मारायची तर गुडघा साथ देईना. काठावर भार द्यायचा तर ओला सांधा निखळायचा. फोन जिन्याच्या खुंटीवर, कोटात. तो वाजायलाही लागला. ती खास धून बाईंची. वाजून वाजून बंद पडला. 'तळ्यावर रेंज नसेल असं वाटेल तिला,' डॉक्टरांनी स्वतःची समजूत घातली.

बाईंना अगदी तसंच वाटलं होतं.

थोड्या वेळाने वरचं दार उघडलं. 'आला एकदाचा,' म्हणून डॉक्टर हाक मारणार, तोच आवाज आला, "हळू रे! भिंतीला घासेल. आधी खाली जागा बघून घेऊ."

आवाज बाईंचा होता. लपायला डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. पण काचेच्या पेटीत माणूस लपणार कुठे?

बाई जिना उतरल्या. मागून मेहुणा. दिवा लागला. बाईंनी टाकी पाहिली, मग टाकीतला नवरा पाहिला.

"मी जरा ट्रकला कुलूप घालून येतो," मेहुणा म्हणाला.

"थांब तिथेच," बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. मेहुणा पायरीवर खिळला.

"तळ्यावर गेला होतात ना?"

"तळंच घरी आणलं," डॉक्टर म्हणाले. काचेमुळे आवाज घागरीतून आल्यासारखा घुमला.

"दिसतंय. आणि मासा एकच मिळालेला दिसतो."

डॉक्टरांनी उसनं अवसान आणलं. "तू बहिणीकडे होतीस ना?"

"बहीण ठणठणीत आहे."

"मग? कसली जागा बघायची होती तुला?"

आता गडबडायची पाळी बाईंची होती. त्यांनी भावाकडे पाहिलं. भावाने छताकडे पाहिलं. शेवटी तोच पुटपुटला, "भावोजी, ताईची भट्टी आलीये. मडकी भाजायची. विजेची. ती इथे ठेवायची होती."

म्हणजे चोरावर मोर! बुधवारी 'जरा मन रमवायला' म्हणून बाई मातीकामाच्या वर्गाला जात, ते रमता रमता भट्टीपर्यंत पोहोचलं होतं. आणि हा पठ्ठ्या दोघांना सामील.

"गाढवा, एकाच दिवशी दोन्ही?" बाई कडाडल्या.

"ट्रक आजच मोकळा होता, ताई. आणि घर रिकामं असेल असं तुम्ही दोघंही म्हणालात, मग नाही कुणाला म्हणू?"

डॉक्टरांना हसू फुटलं, पण बेतानेच. सकाळपासून दोन मोठे कप चहा पोटात होता आणि हसणं परवडण्यासारखं नव्हतं. "अगं, ते नंतर बोलू. आधी मला बाहेर काढा. मला जरा... घाई आहे."

बाईंनी कोपऱ्यातलं वेताचं स्टूल ओढलं आणि टाकीसमोर ठाण मांडलं. "असू दे घाई. असे समोर, गप्प, कुठेही न जाता तुम्ही कधी सापडला नाहीत. एवढं सांगा, मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं असतंस, एवढी मोठी कशाला? मला उत्तर देता आलं नसतं."

"आता द्या."

डॉक्टर थोडा वेळ मोजे न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "दवाखान्यात बाहेरच्या खोलीत मासे होते, आठवतात? घाबरलेले लोक त्यांच्याकडे बघत बसायचे. सगळ्यांनी मासे पाहिले. मी आत दाढा पाहिल्या. वाटलं, आता आपणही बसावं. पोटभर."

बाई स्टुलाची कड नखाने खरवडत राहिल्या.

"आणि तू का लपवलंस?"

"मी पहिला वाडगा केला तेव्हा तुम्ही काय म्हणालात? 'कवळी ठेवायला बरा आहे.'"

"मी कौतुकच केलं होतं!"

"कौतुक! दोन दिवस मी तो फडताळात उलटा ठेवला होता."

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांना ते खरंच ठाऊक नव्हतं. "चुकलं माझं," ते काचेजवळ तोंड नेऊन म्हणाले, आणि काच धुरकट झाली. बाईंनी सवयीने पदराने ती पुसली, पण बाहेरून. धुकं आतच राहिलं. मग मात्र त्यांना हसू आवरेना.

"बरं, शिडी आण रे," त्या भावाला म्हणाल्या.

"शिडी भट्टीखाली आहे, ताई. ट्रकचा तळ घासू नये म्हणून आडवी घातली."

"मग भट्टी उतरव."

"उतरवून ठेवू कुठे? इथे तर समुद्र आहे."

तिघेही विचारात पडले. बाईंचा विचार आधी संपला. "गाडीची चावी द्या," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"माझी गाडी? ती गॅरेजमध्येच राहते! तिला ऊन, पाऊस..."

"तिला पडसं होत नाही. घाई आहे म्हणालात ना?"

डॉक्टरांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं, गुडघे एकमेकांवर घट्ट दाबले, आणि खिशातून चावी काढून काचेवरून बाहेर धरली. गाडी रस्त्यावर गेली, भट्टी गॅरेजमध्ये विराजमान झाली, शिडी खाली आली. सत्तरीकडे झुकलेला माणूस एवढ्या चपळाईने जिना चढताना मेहुण्याने प्रथमच पाहिला.

संध्याकाळी डॉक्टर टाकीचा कोपरा तपासायला निघाले होते. गॅरेजचं दार उघडं दिसलं. बाई भट्टीचं झाकण उघडून आत डोकावत होत्या. "किती तापते ही?" डॉक्टरांनी दारातून विचारलं. बाईंनी सांगायला सुरुवात केली: कच्ची माती, मग पहिली भाजणी, मग झिलई, मग दुसरी. डॉक्टर उलट्या खोक्यावर बसले आणि ऐकत राहिले. वाडग्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही.

टाकीत पाणी भरलं, ते निवळलं, यथावकाश मासेही आले. आणि ज्या रविवारी बाईंनी पहिली भट्टी लावली, त्याच रविवारी खाली पंप, दिवे आणि पाणी कोमट ठेवणारी कांडी असं सगळं एकदम चालू होतं. फाटकन आवाज झाला आणि भर दुपारी अख्ख्या घराची वीज गेली.

इलेक्ट्रिशियन आला. त्याने गॅरेजमध्ये डोकावलं, तळघरात उतरला, वर आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "एवढा भार एका घरावर? ही अक्कल कुणाची?"

मेहुणा नुकताच जेवायला आला होता. डॉक्टरांनी आणि बाईंनी एकाच वेळी त्याच्याकडे बोट दाखवलं.